सहा मिनिटं दहा सेकंद

“बाई, एक सांगून ठेवतो. ढ मुलं पास होतात. तोंड लपवणारी नापास होतात. अडलं तर तोंड लपवू नका.”

कॉलेजच्या ऑफिसातल्या हेडक्लार्कने हे सांगितलं तेव्हा त्याचं अर्धं तोंड खिडकीच्या गजाआड होतं आणि उरलेल्या अर्ध्याला चहाचा कप लागलेला होता, त्यामुळे सल्ल्याला म्हणावं तसं वजन आलं नाही. खिडकीच्या अलीकडे छोटीची आई प्रवेशाचा अर्ज भरत होती. कडेवर चौदा महिन्यांची छोटी, छोटीच्या हातात पेन, आणि पेनाचं टोक अर्ज सोडून बाकी सगळीकडे. ती ‘हो हो’ म्हणाली आणि मनातल्या मनात त्या सल्ल्याची घडी घालून पर्सच्या तळाशी टाकून दिली. आपण काय तोंड लपवणाऱ्यांतल्या आहोत का?

पदवीचे सगळे पेपर तिचे कधीच सुटले होते. एकटा सांख्यिकीचा राहिला होता. पहिल्या वेळी परीक्षेच्या दिवशी ताप होता, दुसऱ्या वेळी छोटी पोटात होती. म्हणजे सांख्यिकीशी तिचं भांडण असं नव्हतंच, फक्त योग जुळत नव्हता. यंदा मात्र जुळवावाच लागणार होता. पुढच्या वर्षापासून अभ्यासक्रम बदलणार होता, आणि यंदा जो राहील त्याने पहिल्या वर्षापासून श्रीगणेशा करायचा, असा नियम निघाला होता. शिवाय एका रुग्णालयाच्या नोंदणी विभागात तिची निवड होऊन बसली होती. ‘पदवीचा कागद आणा आणि कामावर या,’ एवढंच त्यांचं म्हणणं होतं. एका पेपरामुळे एक माणूस अर्धवट राहतं ते असं.

वर्ग आठवड्यातून तीन दिवस, दुपारी दोन ते चार. पहिल्याच दिवशी दारात एका मुलाने तिला वाट करून दिली आणि विचारलं, “मॅडम, आज हजेरी घेणार का?” ती सरळ जाऊन मागच्या बाकावर बसली. मुलगा तासभर ओशाळून मागे बघत राहिला, आणि तासभर ती आपल्याला इतकी वयस्कर दाखवणारी ही साडी कोणी घेऊन दिली त्याचा विचार करत राहिली. पहिला तास असा गेला.

तरी सरासरीपर्यंत तिची गाडी रुळावर होती. मग छोटीला सुळे यायला लागले आणि चार तास बुडाले. परत आली तेव्हा वर्ग ‘प्रमाण विचलन’ नावाच्या गावाला जाऊन, तिथे घर करून, पुढच्या प्रवासाला निघाला होता. हात वर करून विचारायचं म्हणजे ज्याने आपल्याला मॅडम म्हटलं त्याच्यासमोर विचारायचं. तिने विचारलं नाही. चाचणीत चाळीसपैकी सात मिळाले. सातांतले दोन नीटनेटकेपणाचे होते.

तो पेपर तिने घरी आणून छोटीच्या डायपरच्या पाकिटात तळाशी घातला. संध्याकाळी नवरा चष्म्याच्या दुकानातून आला आणि बूट काढता काढता म्हणाला, “काय गं, कसं चाललंय?”

“छान,” ती म्हणाली.

आता ‘छान’ हा शब्द उच्चारायला सोपा, पण पोसायला फार जड. तो एकदा घरात आणला की त्याला रोज काहीतरी घालावं लागतं. वर्गात जायची तर तिला लाज वाटत होती, आणि घरी बसावं तर ‘छान’ कसं चालणार? म्हणून ती आठवड्यातले तीन दिवस वेळेवर आवरून, छोटीला तळमजल्यावरच्या पार्लरवाल्या ताईंकडे सोडून, वही-पुस्तक घेऊन बाहेर पडायची आणि कॉलेजच्या रस्त्यावरच्या दातांच्या दवाखान्यात जाऊन बसायची. बाहेरच्या खोलीत पंखा होता, मऊ बाकं होती, आणि दाढ दुखणारी माणसं बोलत नाहीत. अभ्यासाला याहून चांगली जागा विद्यापीठानेसुद्धा बांधली नसती.

पहिल्या दिवशी काउंटरवरच्या मुलीने विचारलं, “नंबर लावायचाय?”

“नाही, एक जण यायचंय.”

दुसऱ्या दिवशीही एक जण यायचं होतं. तिसऱ्या दिवशी त्या मुलीने पेन उघडून विचारलं, “नाव सांगून ठेवा ना त्यांचं. कोण येणार आहे?”

प्रश्न सरळ होता आणि उत्तर तयार नव्हतं. “मीच,” ती म्हणाली. मग तिची फाइल झाली, दात साफ झाले, फोटो निघाला, आणि फोटोत खालची अक्कलदाढ आडवी आलेली दिसली. डॉक्टर म्हणाले, “बरं झालं वेळेवर आलात.” सांख्यिकीचा तास चुकवण्यासाठी दाढ काढून घेणारी त्या कॉलेजच्या इतिहासातली ती बहुधा पहिलीच विद्यार्थिनी असेल. घरी नवऱ्याने तिचा सुजलेला गाल पाहिला आणि हळहळून म्हणाला, “इतका अभ्यास नको गं करूस.”

अक्कलदाढ गेली आणि मग अक्कल आली, तीही स्वतःच्या पायाने नाही. टाके दाखवायला ती गेली तर समोरच्या बाकावर गालाला रुमाल लावून सांख्यिकीच्या मॅडम बसलेल्या. पळायला वाव नव्हता, कारण दाराशी काउंटरवरची मुलगी होती आणि ती आता हिला नावानिशी ओळखत होती.

“तुम्ही,” मॅडम तोंडाच्या एका बाजूने म्हणाल्या.

“हो.”

“वर्गात नाही.”

“दाढ.”

“पाच आठवडे?”

तिने खाली बघितलं. मांडीवर सांख्यिकीचंच पुस्तक होतं आणि प्रमाण विचलनाच्या पानावर छोटीचं बिस्किट चिकटलेलं होतं. मॅडमनी ते पाहिलं. त्यांना बोलताना दुखत होतं, म्हणून त्यांनी अगदी जेवढ्यास तेवढंच सांगितलं, आणि बहुधा म्हणूनच ते तिला कळलं.

“मंगळवारी चार वाजता. माझ्या खोलीत. न कळलेलं लिहून आणा. सगळं नको. एकच.”

“मॅडम, मला सात मिळाले होते.”

“माहीत आहे. मीच दिले.” त्यांनी रुमाल या हातातून त्या हातात घेतला. “प्रकल्पाला वीस गुण असतात. काहीतरी मोजा.”

“काय मोजू?”

“तुमचं लक्ष आधीच जिथे असतं ते.” एवढ्यात त्यांचा नंबर आला.

त्या संध्याकाळी तिने मनाचा हिय्या करून नवऱ्याला खरं सांगायचं ठरवलं. प्रस्तावनाच पाच मिनिटं चालली. त्याने छोटीला उताणं घालून डायपर बदलता बदलता सगळी ऐकून घेतली आणि म्हणाला, “सात ना? मला माहीत आहे.”

“कसं?”

“अगं, पेपर तू डायपरच्या पाकिटात ठेवलास. डायपर कोण बदलतं?”

महिनाभर तो गप्प होता. तू सांगशील तेव्हा ऐकीन, असं त्याने ठरवलं होतं म्हणे. एवढा समजूतदार नवरा असला की भांडायचीसुद्धा सोय राहत नाही.

आता तिचं लक्ष आधीच कुठे असायचं, तर दाराच्या भोकाकडे. दार उघडण्याआधी बाहेर कोण आहे ते बघायचं ते भिंगाचं भोक. छोटी झोपेची फार कच्ची. खालचं लोखंडी फाटक वाजलं की ही धावत भोकाशी जायची: येणारा बेल तर वाजवणार नाही ना? घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट वर्षापासून बंद, त्यामुळे तिसऱ्या आणि चौथ्या मजल्यावरची सतरा माणसं हिच्या डोळ्यासमोरूनच वर जायची. वर्षभर ती हे फुकट करत होती. आता त्याला गुण मिळणार होते. तिने नवऱ्याचं जुनं सेकंद मोजायचं घड्याळ गळ्यात अडकवलं. खाली फाटक वाजलं की सुरू, भोकात माणूस दिसलं की बंद. नावं उघड होऊ नयेत म्हणून तिसऱ्या मजल्याला ‘ति’ आणि चौथ्याला ‘च’, पुढे आकडा.

पहिला आठवडा सोन्यासारखा गेला. ति-१, म्हणजे सोसायटीचे सेक्रेटरी: बेचाळीस सेकंद. ति-४, म्हणजे पार्लरवाल्या ताई (पार्लर तळमजल्यावर, घर तिसऱ्या): छत्तीस सेकंद, फोनवर असतील तर पन्नास. माणसं चाळीसच्या आसपास गोळा झाली होती, गुरं सावलीत बसावीत तशी. आणि एकटा च-२ लांब उन्हात उभा होता. सहा मिनिटं दहा सेकंद.

च-२ म्हणजे शिंपीकाका. चौथ्या मजल्यावर एकटे राहायचे. दुकान बंद करून वर्षं झाली, पण मापाची टेप गळ्यातून उतरली नव्हती. त्यांची नोंद घेणं म्हणजे कसोटीच. एकदा फाटक वाजलं की पुढे सहा मिनिटं काहीच नाही. बाकीच्यांची पावलं तरी ऐकू येत. हे मांजरासारखे यायचे. भोकाला डोळा लावून तिची मान आखडायची, आणि मग अचानक काकांचा चेहरा, गळ्यात टेप, छातीशी पिशवी, भिंगात तरंगत आल्यासारखा दिसायचा आणि वर निघून जायचा. दोनदा तर तिने डोळा चोळायला काढला आणि काका तेवढ्यात सटकले. म्हातारा इतका वेळ करतो तरी काय, असं ती चिडून वहीच्या कडेला लिहायची आणि मग खोडायची.

दर मंगळवारी चार वाजता ती न कळलेलं एकच घेऊन मॅडमकडे जायची. प्रमाण विचलन कळलं. ते म्हणजे दुसरं तिसरं काही नाही, माणसं सरासरीपासून किती लांब उभी आहेत ते. एवढ्यासाठी दाढ गेली.

मग प्रकल्पाचा अर्ज द्यायला ती ऑफिसात गेली आणि हेडक्लार्कने तो गजातून परत सरकवला.

“माणसं मोजलीत?”

“हो.”

“माणसांना विचारलंत?”

“मोजायला काय विचारायचं?”

“नमुना सात. ज्यांना मोजलं त्यांची संमती. सह्या आणा. झाडं मोजली असतीत तर नमुना तीन होता, त्याला सह्या नाहीत.”

झालं. सतरा सह्यांसाठी ती छोटीला कडेवर घेऊन दारोदार फिरली. आपल्याला गुपचूप मोजत होते हे कळल्यावर माणसाला राग यायला हवा. तसा कोणालाच आला नाही. प्रत्येकाने सही करताना एकच विचारलं: “मी किती लावतो?”

पार्लरवाल्या ताई म्हणाल्या, “छत्तीस? आणि तिसऱ्या मजल्यात सगळ्यात कमी कोण? मीच ना? मग नाव का नाही लिहिलंस, एवढं चांगलं करायचं आणि लपवायचं?” शिवाय त्यांनी सांख्यिकीत पास व्हायचा उपायही सांगितला. त्यांच्या भाचीला हा विषय जड गेला होता. तिने केस बारीक कापले आणि पास झाली, डोक्याला हवा लागते म्हणून.

शिंपीकाकांनी सही सावकाश, माप लिहिल्यासारखी केली. “मी किती लावतो हो, छोटीच्या आई?”

“बाकीच्यांसारखंच, काका,” ती म्हणाली. खोटं बोलताना तिला वाटलं की आपण मोठेपणाच केला.

सेक्रेटरींचं मात्र डोकं भलतीकडे चाललं. ते लिफ्टच्या कंपनीला आठ महिने पत्रं लिहीत होते. “वहिनी, हा तर पुरावा आहे. आकडे बोलतात. तक्ता करून द्या, मी पत्राला जोडतो.” तिने ति-च करून तक्ता दिला. त्यांनी त्याची एक प्रत पत्राला जोडली आणि एक प्रत, आपण काहीतरी करतो हे लोकांना दिसावं म्हणून, खाली फाटकाशी लावली.

ति-च चं गुपित तासाभरात फुटलं. सतरा माणसांत ‘ति-१ ते ति-९’ ओळखायला सांख्यिकी लागत नाही. संध्याकाळपर्यंत पलीकडच्या जिन्यातले लोक येऊन तक्ता वाचून गेले आणि जाताना हसले. काय हसले, कशाला हसले, हे कोणी ऐकलं नव्हतं, पण हसले. दुसऱ्या दिवसापासून जिना पेटला.

आधी सेक्रेटरीच पळत येताना दिसले. तेहेतीस सेकंद. भोकासमोर थांबून, दाराकडे बघत, धापा टाकत म्हणाले, “लिहिलं का?” छोटी जागी झाली. पार्लरवाल्या ताई सरावासाठी दिवसातून अकरा वेळा वर-खाली करू लागल्या आणि प्रत्येक वेळी दाराशी येऊन ‘हा धरू नकोस गं, हा नुसता सराव होता’ असं ओरडून सांगू लागल्या. कोणी पिशव्या खालीच ठेवून मोकळ्या हाताने चढायचं, मग पिशव्या आणायला पुन्हा खाली जायचं. ज्या बाईने बाळाची झोप मोडू नये म्हणून हा उद्योग आरंभला होता, तिच्या दारासमोर दिवसभर शर्यत चालली होती. छोटी दुपारी झोपेनाशी झाली. ती भोकाकडे बोट दाखवून टाळ्या वाजवायची.

लिफ्ट हवी म्हणून लावलेल्या तक्त्यावर आपण लिफ्ट नको इतके चपळ आहोत हे सिद्ध करायला सेक्रेटरी धावत होते, आणि ही गोष्ट त्यांच्या ध्यानात आणून द्यायचं धाडस कोणात नव्हतं. पाचव्या दिवशी पहिल्या मजल्याच्या वळणावर त्यांचा पाय मुरगळला. तिथल्याच पायरीवर बसून त्यांनी तिला हाक मारली. “वहिनी, हे धरू नका. अपघात आहे हा.” मग पाय चोळत, खालच्या आवाजात: “आणि ते चौथ्या मजल्याचं बघा की. सगळा जिना तिशीत आलाय आणि तो एक आकडा सहा मिनिटं. काढून टाका. तुमचेही गुण जातील त्याच्यापायी.”

“असा काढता येत नाही,” ती म्हणाली. सांख्यिकी तिला खरोखरच यायला लागली होती.

“मग मी बोलतो,” सेक्रेटरी म्हणाले. तिने लक्ष दिलं नाही, कारण आत छोटीने घड्याळ तोंडात घातलं होतं.

शेवटच्या आठवड्यात चारच दिवस मोजायचे होते, आणि त्यांत च-२ ची एकही नोंद नव्हती. खरं सांगायचं तर तिला आधी हायसं वाटलं. सहा-सहा मिनिटं भोकाशी उभं राहणं वाचलं. सरासरी एकतिसावर आली, विचलन चिमूटभर झालं, आलेख असा देखणा झाला की तिने तो छोटीपासून लपवून कपाटावर ठेवला. चार दिवस काका दिसले नाहीत, आणि चार दिवस ती सुबक रेघा मारत बसली. त्या दिवसांत जिन्यात आणखी एकच गोष्ट घडली: तक्त्याशेजारी सेक्रेटरींच्या हातची दुसरी सूचना लागली. ‘मागच्या बाजूने खाली दूध सांडू नये. माझे दोन सदरे वाया गेले आहेत.’

प्रकल्प द्यायच्या शेवटच्या दिवशी तीन वाजता ती मॅडमसमोर बसली. मॅडमची सही झाली की पाचच्या आत ऑफिसात द्यायचं, एवढंच उरलं होतं. मॅडमच्या गालाची सूज आता उतरली होती. त्यांनी पानं उलटली, मान हलवली, पेन उघडलं, आणि शेवटच्या तक्त्यावर पेन तसंच हवेत राहिलं.

“हा च-२ कुठे गेला?”

“शेवटच्या आठवड्यात त्याची नोंद नाही, मॅडम.”

“ते दिसतंय. माणूस कुठे गेला?”

“दिसला नाही.” मग तिला वाटलं काहीतरी शास्त्रीय बोलावं. “पण त्यामुळे सरासरी बरीच सुधारली.”

मॅडमनी पेनाचं टोपण लावलं. “तुम्ही पाच आठवडे आला नाहीत ना, तेव्हा माझ्या वर्गाची सरासरीही सुधारली होती. मी खूश होते. दाढ दुखली नसती तर तुम्ही कुठे गेलात ते मला कळलंही नसतं.” त्यांनी वही तिच्याकडे सरकवली. “बघून या. पाचपर्यंत मी इथेच आहे.”

जिना उतरताना, बसमध्ये उभी असताना, फाटक ढकलताना तिच्या डोळ्यासमोर एकच चित्र होतं: चौथ्या मजल्यावरचं बंद दार आणि त्याच्या आत काहीच हलत नाही. मुळात तिचा स्वभावच असा. छोटी पाच मिनिटं जास्त झोपली तर नाकाशी बोट धरून बघणारी बाई ही. आणि चार दिवस एक म्हातारा माणूस दिसत नाही, तर आपण आलेखाला रंग देत बसलो. पार्लरच्या दारात छोटीने तिला पाहिलं आणि भोकाड पसरलं, म्हणून छोटीला कडेवर घेऊनच ती धावत सुटली. पहिल्या मजल्याच्या वळणावर सेक्रेटरी मुरगळलेला पाय लांब करून दम खात बसले होते. त्यांनी सवयीने मनगटावरचं घड्याळ बघितलं. “कडेवर बाळ असूनसुद्धा चांगला वेग आहे, वहिनी.” ती त्यांना ओलांडून गेली.

चौथ्या मजल्यावर तिने बेल दाबली. काही नाही. दार ठोठावलं. काही नाही. मग दोन्ही हातांनी बडवायचं तर छोटीचं काय करायचं, म्हणून कपाळ टेकवून हाक मारली, “काका, मी आहे. छोटीची आई.”

कडी निघाली. काका उभे होते. गळ्यात टेप, अनवाणी, धडधाकट.

“वही संपली का?” त्यांनी कुजबुजत विचारलं.

“आज संपली.”

“सुटलो बुवा,” काका म्हणाले आणि दार पुरतं उघडलं. “या, बसा. चहा मात्र बिनदुधाचा.”

सगळं हळूहळू बाहेर आलं. सेक्रेटरींनी येऊन सांगितलं होतं की तुमच्या एका आकड्यापायी ती पोर नापास होणार, तिची नोकरी जाणार. काकांनी हिशेब मांडला: आपण दिसलोच नाही तर आकडाही नाही. मग त्यांनी दुकानातल्या उरलेल्या नाड्या एकाला एक गाठल्या, टोकाला पिशवी बांधली आणि मागच्या खिडकीतून खाली सोडली. खालचा दुकानदार तिच्यात दूध आणि पाव घालायचा. तीन दिवस ठीक चाललं. “चौथ्या दिवशी गाठ सुटली. माझी गाठ कधी सुटली नव्हती हो. सेक्रेटरींचे सदरे वाळत होते खाली.”

“काका, चार दिवस तुम्ही घरात? माझ्या गुणांसाठी?”

“मग? तुम्ही पास व्हायला नको?”

तिने छोटीला दुसऱ्या कडेवर घेतलं. म्हणाली, “चला, दूध आणू.”

काकांनी कोपऱ्यातली पिशवी उचलली आणि तसेच अनवाणी बाहेर पडले.

“काका, पायात?”

“बूट पिशवीत आहेत. खाली घालतो. पहिल्या मजल्याच्या वळणावर.” तिला कळलं नाही हे बघून त्यांनी पिशवीतला बूट काढून टाच दाखवली. टाचेला लोखंडी नाल होती. “घणघण वाजतात. येताना तिथपर्यंत चवड्यांवर येतो आणि तिथेच बसून काढतो. नाड्या सोडायला जरा वेळ लागतो, बोटं चालत नाहीत आता. तुमच्या दाराला चिठ्ठी होती ना: बाळ झोपलं आहे, कृपया आवाज करू नये.”

ती चिठ्ठी तिने छोटी महिन्याची असताना लावली होती. तिचा चिकटपट्टीचा डागसुद्धा आता दारावर उरला नव्हता. भोकातून माणूस कमरेपर्यंतच दिसतो. वर्षभर ती काकांचा चेहरा बघत होती.

त्या वळणावर काका सेक्रेटरींच्या शेजारी बसले आणि बूट घालू लागले. सेक्रेटरींनी एकदा बुटाकडे, एकदा छोटीकडे पाहिलं आणि आपला मुरगळलेला पाय आखडता घेतला. घड्याळ तिच्या गळ्यात होतं. ते तिने सुरू केलं नाही. पाऊण तास उरला होता तरी काकांची दुसरी नाडी बांधून होईपर्यंत ती तिथेच उभी राहिली. मग काकांना दुकानापर्यंत पोचवलं, छोटीला पार्लरमध्ये दिलं आणि बस धरली. बसमध्ये एक पान लिहिलं. अक्षर खड्ड्यांमुळे कुठे वर, कुठे खाली. मॅडमनी ते उभ्या उभ्या वाचलं आणि सही केली.

ऑफिसच्या खिडकीशी ती पोचली तेव्हा पाच वाजून सात मिनिटं झाली होती. खिडकी मात्र उघडी होती आणि भिंतीवरच्या घड्याळात पाचला तीन मिनिटं कमी होती.

“घड्याळ मागे आहे तुमचं,” ती धापा टाकत म्हणाली. असं बोलून आपलंच नुकसान करणारी माणसं असतात.

“दहा मिनिटं,” हेडक्लार्क कागदावर शिक्का मारत म्हणाला. “मीच ठेवलंय. धावत येणाऱ्यांसाठी. न येणाऱ्यांसाठी काही करता येत नाही.”

ती पास झाली. शंभरपैकी त्रेचाळीस. नवऱ्याने गुणपत्रिका चष्म्याच्या दुकानात, डोळे तपासायच्या अक्षरांच्या तक्त्याखाली लावली होती. ती तिने दुसऱ्याच दिवशी काढायला लावली, कारण गिऱ्हाईकं ते आकडेही मोठ्याने वाचून दाखवत होती. लिफ्टच्या कंपनीचं उत्तर आलं. सेक्रेटरींनी शेवटी पाठवलेल्या सुधारित तक्त्यावरून रहिवासी दोन मजले एकतीस सेकंदांत चढतात, तेव्हा लिफ्टची तातडी दिसत नाही. ते पत्र सेक्रेटरींनी फाटकाशी लावलं नाही. त्या जागी त्यांनी प्रकल्पाचं शेवटचं पान लावलं, स्वतःहून. बसमध्ये लिहिलेलं ते पान अजून तिथे आहे:

‘मर्यादा: निरीक्षण करणारीला माणसांचे पाय दिसत नव्हते. च-२ ची नोंद चुकीची नाही, ती अपुरी आहे. सहा मिनिटं दहा सेकंदांतली साडेपाच मिनिटं माझ्या मुलीच्या झोपेसाठी होती. तो आकडा गाळलेला नाही, गाळू नये.

वाचणाऱ्यास विनंती: तुमच्या जिन्यातलं, वर्गातलं किंवा कामावरचं कोणी हल्ली दिसेनासं झालं असेल, आणि त्यामुळे तुमचं सगळं कसं छान चाललं असेल, तर आज एकदा वर जाऊन त्यांच्या दारावर टकटक करावी. बेल वाजवू नये. शेजारी बाळ झोपलेलं असेल.’